आतली पॉलिश : चकाकीचे काम की मापाचे?

पॉलिशचे काम म्हणजे चमक आणण्याचे काम, हा समज आपल्या बाजारात इतका रुजला आहे की खुद्द पॉलिश करणारा कारागीरही स्वतःची किंमत त्यावरूनच ठरवतो. नळाची तोटी, दरवाज्याची कडी, पितळेचा फुलदाणीचा गळा, मोटारसायकलचा सायलेन्सर, जे येईल ते चाकावर धरायचे, तोंड दिसेल इतके उजळायचे आणि नगावर पैसे घ्यायचे. या धंद्यात आपले पुष्कळ हात गुंतलेले आहेत. मुरादाबादपासून मुंबईच्या उपनगरांपर्यंत बफिंगच्या खोल्यांमधून बाप-लेक एकाच चाकावर राबताना दिसतात. पण नगावर मिळणारा दर वाढत नाही. चमक कोणीही आणू शकतो आणि शेजारचा गाळेवाला चार आणे कमी घ्यायला तयार असतो, मग दर वाढावा तरी कशाने?

पॉलिशची दुसरीही एक जात आहे. ती ग्राहकाच्या नजरेला पडत नाही. ती यंत्राच्या पोटात असते, जिथे एक भाग दुसऱ्यावर सरकतो. तिथे चमक आली किंवा न आली याला महत्त्व नाही. भाग अडखळतो का, त्याचे माप राहिले का, आणि जी धार राखायची होती ती राखली गेली का, हे तिथे पाहिले जाते. आमचे म्हणणे असे की आपल्या पॉलिशवाल्यांनी या दुसऱ्या जातीच्या कामाकडे वळावे. मात्र ते काम पहिल्या जातीच्या सवयीने करू नये, कारण त्यात माल बिघडतो आणि क्वचित माणसाचा डोळाही जातो.

उदाहरणासाठी आम्ही मुद्दाम एक अनोळखी वस्तू निवडली आहे: पेंटबॉल खेळातील मार्कर. नाव ऐकून कोणी म्हणेल की हे श्रीमंतांच्या पोरांचे खूळ, त्याच्याशी आपला काय संबंध? संबंध असा की या खेळाच्या शौकिनांनी अमेरिकेत घरोघरी आपापल्या मार्करच्या आतले भाग घासायला सुरुवात केली आणि आतली पॉलिश केव्हा तारते, केव्हा मारते, याचा जितका अनुभव त्या एका वस्तूवर जमा झाला तितका दुसऱ्या किरकोळ यंत्रावर क्वचितच झाला असेल. शिवाय आता लोणावळ्यासारख्या ठिकाणी आणि मुंबई-पुण्याच्या आसपास या खेळाची मैदाने आहेत. तिथले मार्कर रोज माती खातात, भाड्याने हातोहात फिरतात, आणि त्यांना दुरुस्ती लागते.

मार्कर हे मुळात खेळणे नव्हतेच. अमेरिकेत जंगलखात्याच्या लोकांना तोडायच्या झाडावर आणि गुराख्यांना कळपातल्या जनावरावर लांबून रंगाची खूण करायची असे. मिशिगनच्या नेल्सन पेंट कंपनीने त्यासाठी रंगाची गोळी फेकणारे पिस्तूल बाजारात आणले. खूण करणारे म्हणून मार्कर, हे नाव तेव्हापासूनचे. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेन्निकर गावाच्या रानात बारा जणांनी ही नेल-स्पॉट ००७ पिस्तुले घेऊन झेंडे पळवण्याचा डाव खेळला आणि त्यातून हा खेळ जन्मला. गंमत अशी की त्या दिवशी जिंकणारा माणूस पेशाने जंगलात काम करणारा होता आणि त्याने एकही गोळी झाडली नाही, झाडीतून मुकाट्याने चालत जाऊन सगळे झेंडे गोळा केले.

त्या पिस्तुलात प्रत्येक गोळीमागे हाताने खटका मागे ओढावा लागे. पुढे १९९० च्या दशकात, चाप ओढताच गोळी सुटते आणि गॅसच्या जोराने हातोडा आपोआप मागे जातो, असे मार्कर सर्रास झाले. टिपमन कंपनीचे ९८ हे १९९८ साली आलेले मॉडेल त्यांपैकी सर्वांत परिचित म्हणावे लागेल. आपल्या लेखाचा विषय या जातीच्या मार्करचे पोट आहे.

पोटात काय असते ते आधी पाहू. डायकास्ट ॲल्युमिनियमचे दोन अर्धे भाग स्क्रूने जोडलेले असतात. त्यांच्या पोकळीत पोलादी हातोडा स्प्रिंगच्या जोरावर पुढे-मागे धावतो. कंपनीच्या कागदात त्याला मागचा बोल्ट म्हणतात, पण नट-बोल्टशी गोंधळ नको म्हणून आपण हातोडाच म्हणू. हातोडा मागे ओढला की एक छोटी पोलादी अडकण त्याच्या खाचेत बसून त्याला धरून ठेवते. इंग्रजीत तिला सिअर म्हणतात. चाप ओढला की अडकण खाली होते, हातोडा सुटतो, व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. थोडा गॅस गोळीला ढकलतो आणि थोडा हातोड्याला पुन्हा मागे, अडकणीच्या स्वाधीन करतो. गोळी म्हणजे जिलेटीनचे कवच आणि आत पाण्याने धुऊन जाणारा रंग. औषधाच्या कॅप्सूलचेच भावंड म्हणा ना. तिचे माप ०.६८ इंच, वजन सुमारे तीन ग्रॅम. मैदानावर तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा सर्वसाधारण दंडक आहे. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीत साध्या हवामानात चौरस इंचाला आठशे पौंडांहून अधिक दाब असतो. सांगायचे इतकेच की नाव खेळण्याचे असले तरी आत जोर खरा आहे.

आता डायकास्ट भाग म्हटला की साच्याची शिवण आलीच. जिथे साच्याचे दोन तुकडे मिळतात तिथे बारीक उभार राहतो, खाचांच्या कडेला कंगोरे राहतात. हातोडा त्यावरून हजारदा धावला की ॲल्युमिनियमवर काळ्या रेघोट्या उमटतात. शौकिनाने मार्कर उघडला, त्या रेघोट्या पाहिल्या, आणि त्याला वाटले की हे सगळे आरशासारखे करून टाकावे, मग माझा मार्कर लोण्यासारखा चालेल. हाच ग्राहक उद्या आपल्या गाळ्यावर येणार आहे, आणि त्याची इच्छा शब्दशः पाळणारा कारागीर त्याचा माल बिघडवणार आहे.

सर्वांत आधी त्या काळ्या रेघोट्यांपैकी निम्म्या रेघोट्या म्हणजे जुने तेल, माती आणि फुटलेल्या गोळीचा सुकलेला रंग असतो. कोमट पाणी, साबण, जुना दातांचा ब्रश, मग सुके फडके आणि कंपनीने सांगितलेल्या तेलाचे दोन थेंब. एवढ्यावर मार्कर पुष्कळदा सुधारतो. पॉलिशचे पैसे घेण्याआधी ग्राहकासमोर हे करून दाखवावे. कोणी म्हणेल, अशाने धंदा बुडेल. आमचा अनुभव उलटा सांगतो. जो गिऱ्हाइकाला नको असलेले काम नको म्हणून सांगतो, त्याच्या सांगण्यावर ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी महागडे कामही डोळे मिटून देते. आणि पॉलिशने गोळी सरळ जाते, लांब जाते, असे जे बोलले जाते त्याला भुलू नये व ग्राहकालाही भुलवू नये. गोळी सरळ जाणे हे ती किती गोल आहे, बॅरलमध्ये किती नीट बसते आणि गॅसचा दाब किती स्थिर आहे यावर बहुतांशी अवलंबून असते. आतल्या पॉलिशने मिळते ते एवढेच: हातोडा दर वेळी सारख्याच जोराने आदळतो, म्हणून गोळ्यांच्या वेगात फरक कमी पडतो, आणि चाप जरा हलका होतो.

धुतल्यावरही अडखळ राहिली तर कुठे अडखळते ते शोधायचे. फिटर मंडळी दोन पृष्ठे जुळवताना निळा रंग लावून पाहतात, तीच रीत इथे लागू पडते. हातोड्याला पातळ निळा फासावा, हाताने चार वेळा पुढे-मागे करावा, आणि उघडून पाहावे. जिथे रंग पुसला गेला तिथेच घर्षण आहे. बाकीच्या जागेला हात लावण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा असे दिसते की घासणारी जागा बोटाच्या नखाएवढी दोन-तीन ठिकाणी आहे, आणि ग्राहक मात्र संपूर्ण पोकळी चकचकीत करून मागत होता.

उभार आधी बारीक कानशीने किंवा तेलाच्या दगडाने उतरवावा. मग वॉटर पेपर: सहाशे नंबर, हजार, पंधराशे, दोन हजार. सपाट भागासाठी कागद काचेवर ठेवून भाग त्यावर फिरवावा. बोटाने कागद दाबून घासले की बोट मऊ असल्यामुळे कडा गोल होतात आणि मध्ये खळगा पडतो, हे जुने कारागीर जाणतात. गोल भाग लेथवर किंवा हळू फिरणाऱ्या ड्रिलमध्ये धरून कागदाची पट्टी लावावी, आणि शेवटचे हात मात्र भाग ज्या दिशेने धावतो त्याच दिशेने मारावेत. बफच्या चाकाला या कामात फारच थोडी जागा आहे. चाक धार आणि पृष्ठ यांत भेद करत नाही, जे पुढे येईल ते सारखेच खाते.

इथे मापाची गोष्ट येते, आणि खरा हुन्नर इथेच आहे. मशीनच्या कामातले लोक थाऊ म्हणतात, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन. दोन हजार नंबरच्या कागदाचा कण सुमारे दहा मायक्रॉनचा असतो, सहाशेचा पंचवीसच्या आसपास. म्हणजे सहाशे नंबरच्या कागदाचा एक कण जवळजवळ एक थाऊ भरतो! पेंटबॉलच्या दुकानात बॅरलच्या आत बसवायच्या नळ्या, म्हणजे इन्सर्ट, विकत मिळतात. त्यांच्या आतल्या व्यासात एकमेकींपासून दोन-तीन थाऊंचाच फरक असतो, आणि खेळाडू त्या दिवशीच्या गोळीच्या मापाप्रमाणे नळी निवडतो. दोन थाऊ म्हणजे त्या बाजारात वेगळा माल, वेगळ्या खुणेचा. आपल्या माणसाने बॅरल आतून जोर लावून चमकवली आणि एवढे खाल्ले, तर त्याने ग्राहकाच्या वस्तूची जात बदलून ठेवली असे म्हणावे लागेल. गोळीभोवतीची फट वाढते, गॅस निसटतो, वेग पडतो. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी मायक्रोमीटरने तीन जागी माप घ्यावे, काम संपल्यावर त्याच तीन जागी घ्यावे. आमच्या मते हातोड्यासारख्या भागावरून अर्ध्या थाऊपेक्षा जास्त धातू काढायची वेळ आली तर ते पॉलिशचे काम राहिलेच नाही. तो भाग वाकलेला आहे किंवा चुकीचा आहे, आणि तसे ग्राहकाला सांगावे.

अति गुळगुळीत हेही संकट असते, यावर नवशिक्यांचा विश्वास बसत नाही. मोटार गॅरेजवाल्या मंडळींना विचारा. इंजिनचा सिलिंडर होन करताना त्याच्या आत तिरकस जाळीदार रेघा मुद्दाम ठेवतात. त्या रेघांत तेल टिकते. सिलिंडर आरशासारखा करून दिला तर तेल धरले जात नाही आणि रिंगा लवकर खराब होतात. दोन अत्यंत सपाट, अत्यंत गुळगुळीत पृष्ठे एकमेकांवर दाबून सरकवली तर ती चक्क चिकटतात. टूलरूममधले स्लिप गेज याच गुणावर एकमेकांना धरून राहतात. मग मार्करचा हातोडा आरसा करून काय साधायचे? दोन हजारावर थांबावे. पुढची चमक ग्राहकाच्या डोळ्यासाठी असते, यंत्राला तिची गरज नसते.

ज्या जागांना हातही लावायचा नाही त्यांतली पहिली जागा अडकणीची धार. आधी सांगितल्याप्रमाणे ही पोलादाची चिमुकली जीभ स्प्रिंगने ताणलेल्या हातोड्याला धरून असते. तिची कड आणि हातोड्याची खाच यांची पकड किती? बघायला गेले तर तांदळाच्या दाण्याएवढीसुद्धा नाही. शौकिनाला चाप हलका हवा असतो, म्हणून तो म्हणतो, इथे मस्त पॉलिश मारा. पृष्ठावरचा खरखरीतपणा काढणे ठीक, तेही दगडावर सपाट धरून, मूळ कोन तसाच राखून, दोन-चार हातांत. पण बफच्या कापडी चाकावर धरली की कड गोल होते, आणि गोल कडेवरून हातोडा घसरतो. मग चाप न ओढताच मार्कर नुसता आपटला तरी सुटतो, किंवा एकदा चाप ओढला की गॅस संपेपर्यंत धडाधड सुटत राहतो. शिवाय अशा भागांचा वरचा थर अनेकदा कडक केलेला असतो आणि आतले पोलाद मऊ. थर घासला गेला की आज बरी वाटणारी कड महिन्याभरात बसते.

त्या क्षणी समोरच्या पोराने घाम पुसायला मुखवटा वर केलेला असला तर? तीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ९० मीटरने येते. डोळ्याला तेवढी पुरे. या खेळात मुखवट्याचा दंडक सर्वांत कडक आहे तो याच कारणाने. पॉलिशवाला मैदानावर हजर नसतो, पण त्याने गोल केलेली कड तिथे हजर असते.

एक बारकावा इथे नमूद करणे भाग आहे. मार्कर आपोआप सुटत राहतो अशी तक्रार आली की लगेच अडकणीला दोष देऊ नये. बाटलीत गॅस कमी झाला की हातोडा पूर्ण मागे जात नाही, खाचेपर्यंत पोचतच नाही, आणि तोच प्रकार घडतो. हातोड्यावरची ओ-रिंग झिजली तरी तसेच. भरलेली बाटली लावून, रिंग बदलून पाहावे, मग अडकण काढावी. आणि अडकणीची कड खरोखर बसलेली असेल तर तिला घासून धार आणण्यापेक्षा नवी बसवावी. भाग छोटा आहे, डोळ्यापेक्षा स्वस्त आहे.

दुसरी वर्ज्य जागा व्हॉल्व्हची बैठक. गॅस अडवणारे मऊ सील ज्या गोल कडेवर टेकते ती कड हाताने घासली की कुठेतरी केसभर दबते आणि गळती सुरू होते. ओ-रिंगच्या खोबणीही तशाच. ब्रासोसारखे पॉलिश घरोघरी असते, पण काम करण्यापूर्वी सगळी रबरे काढून बाजूला ठेवावीत, त्या रसायनांना ती बळी पडतात. अलीकडच्या महागड्या इलेक्ट्रॉनिक मार्करांपैकी अनेकांमध्ये असा धावणारा हातोडा नसतोच. आतला बोल्ट ओ-रिंगांवरच सरकतो आणि त्या रिंगाच गॅस अडवतात. तिथे एक उभा ओरखडाही गळतीला पुरतो. असा मार्कर आला तर धुऊन, रिंगा बदलून, तेल देऊन परत करावा. कागद काढूच नये.

तिसरी गोष्ट रंगीत दिसणाऱ्या ॲल्युमिनियमची. काळे, निळे, राखाडी असे जे दिसते तो लावलेला रंग नसतो. ॲनोडायझिंगने ॲल्युमिनियमचाच वरचा थर कडक ऑक्साइडमध्ये बदललेला असतो आणि त्यात रंग मुरवलेला असतो. हा थर साधारण एका थाऊच्या आसपास किंवा त्याहून पातळ, जाड कामात दोन थाऊंपर्यंत. तोच झीज सोसतो. आपल्या कारागिराने खालचे पांढरे ॲल्युमिनियम उघडे करून ते आरशासारखे चमकवले तर ग्राहक त्या दिवशी खूश होऊन जाईल यात शंका नाही, पण नागडे ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमवर सरकले की एकमेकांना ओरबाडते, गोळे धरते. थर शाबूत असेल तर तेल एवढेच त्याचे औषध.

काम झाल्यावर धुणे हा भाग आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. लॅपिंग करणाऱ्यांना माहीत आहे की लॅप नेहमी कामापेक्षा मऊ धातूचा घेतात, कारण घासणारे कण मऊ धातूत रुतून बसतात आणि कडक धातूला खातात. तोच न्याय मार्करच्या पोटात चालतो. पॉलिशची लुगदी ॲल्युमिनियमच्या पोकळीत राहिली तर तिचे कण तिथे रुततात आणि पोलादी हातोड्याला महिनोन्‌महिने घासत राहतात. म्हणजे पॉलिशवाल्याचे दुकान बंद, पण पॉलिश चालूच! साबणाच्या गरम पाण्यात ब्रशने दोनदा धुवावे, पांढरे फडके फिरवावे, ते काळे आले तर पुन्हा धुवावे.

आणि शेवटी वेग मोजावा. घर्षण कमी झाले की हातोडा अधिक जोराने आदळतो, व्हॉल्व्ह अधिक उघडतो, गोळी अधिक वेगाने सुटते. आधी २८० वर चालणारा मार्कर पॉलिशनंतर ३०० च्या वर जाऊ शकतो. वेग मोजण्याचे यंत्र, क्रोनोग्राफ, आपल्या गाळ्यात नसले तर मैदानावर असते. तिथे मोजून, स्क्रूने वेग खाली आणून मगच खेळायला द्यावा, असे ग्राहकाला बजावून सांगावे.

हे वाचून शिलाई मशीनच्या दुरुस्तीवाल्या भाईंना आपलेच काम वाचल्यासारखे वाटले असेल. सुई आपटून हुकावर ओरखडा पडला की धागा तुटू लागतो. तो ओरखडा बारीक कागदाने काढतात, पण हुकाचे टोक कोणी शहाणा माणूस बोथट करत नाही, कारण टोक गेले की टाका गेला. त्यांनी हे शाळेत शिकलेले नाही, उस्तादाच्या चापटीने शिकले. बफिंगच्या खोलीत मात्र शागीर्दाला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकवली जाते: चमकव. कुठे थांबायचे ते कोणी शिकवत नाही, कारण नगावर पैसे मिळतात आणि थांबण्याचे पैसे कोणी देत नाही. आमच्या मते आपल्या पॉलिश धंद्याची खरी दुखरी नस हीच आहे. एक मायक्रोमीटर, एक सपाट काच, निळ्या रंगाची डबी, चार नंबरचे कागद; यांचा खर्च एका जुन्या बफिंग मोटरीपेक्षा कमी. पण ज्याच्या हाती हे आहे त्याला शिलाई मशीनवाला, पंपवाला, मोटार गॅरेजवाला, आणि हो, पेंटबॉलच्या मैदानवाला, सगळेच शोधत येतील.

आरोग्याबद्दल दोनच शब्द, कारण हे सांगूनही कोणी ऐकत नाही. ओल्या कागदावर घासण्याचा एक फायदा असा की धूळ उडत नाही, ती पाण्यात राहते. बफच्या खोलीत वर्षानुवर्षे धूळ गिळणाऱ्या माणसाच्या छातीला याचे मोल कळेल. आणि ज्या चाकावर पोलाद घासता त्यावर, किंवा त्याच धूळपेटीत, ॲल्युमिनियम कधीही घासू नका. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आणि पोलादाची ठिणगी एकत्र आली की भडका उडतो, आणि तो पाण्याने विझवायला जाल तर आणखी भडकतो. चाकाजवळ सैल बाह्या नकोत, हातमोजेही नकोत, चाक त्यांना बोटासकट ओढते.

राहिला दर. नगावर किंवा वजनावर हे काम घेऊ नये. उघडणे, धुणे, तपासणे याचा मेहनताना वेगळा सांगावा, आणि तो पॉलिश केली नाही तरी घ्यावा. डॉक्टर औषध लिहिले नाही म्हणून फी सोडत नाही. पॉलिशचा दर तासावर असावा. सुरुवातीला गिऱ्हाईक कुरकुर करेल, शेजारचा निम्म्यात करतो म्हणेल. त्याला जाऊ द्यावे. काही जण परत येतील, बहुधा गोल झालेली अडकण हातात घेऊन. बिलावर कोणत्या भागाला हात लावला, आधीचे माप, नंतरचे माप, कोणती रिंग बदलली, आणि वेग मोजला की मोजायचा बाकी आहे, एवढे चार ओळींत लिहावे, बाकी असेल तर ते ठळक लिहावे, आणि खाली ग्राहकाची सही घ्यावी.